मोबाईलवरच्या ॲपने घरी डोळे तपासणे : किती विश्वास ठेवावा?

शेवंती

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत माझ्या घरी जे घडले, त्यावरून हा धागा काढत आहे. येथे डोळ्यांच्या क्षेत्रात काम करणारे काही सभासद आहेत हे ठाऊक असल्यामुळे जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे ही विनंती.

माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे, ती चिपळूणजवळच्या गावी राहते आणि मी पुण्यात असते. डोळे दाखवायला चल म्हटले की भात लावून होऊ दे, गणपती होऊ देत, अशी पुढची तारीख ती देत राहते. म्हणून मी तिच्या फोनवर दृष्टी तपासण्याचे एक मोफत ॲप घालून दिले आणि व्हिडिओ कॉलवरून चाचणी करून घेतली. ई हे अक्षर उजवीकडे, डावीकडे, वर किंवा खाली तोंड करून पडद्यावर येते आणि पाहणाऱ्याने त्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते सांगायचे, अशी ती चाचणी होती. फोन भाच्याने धरला होता. दोन्ही डोळ्यांचा निकाल ६/९ आला. या वयाला हे उत्तम आहे असे समजून मी निश्चिंत झाले.

दिवाळीला गावी गेले तेव्हा समोर बसवून तीच चाचणी पुन्हा केली आणि माझी चूक लक्षात आली. आई डोळ्यावर हाताची बोटे धरत होती आणि बोटांच्या फटीतून तो डोळा आरामात पाहत होता. भाच्याने फोन किती अंतरावर धरला होता हे आता कोणालाच आठवत नाही. या वेळी मी तिच्या लांबच्या चष्म्याच्या डाव्या काचेमागे जाड रुमालाची घडी ठेवून तो डोळा पूर्ण झाकला, तीन मीटर टेपने मोजले आणि उजवा डोळा तपासला. निकाल ६/३६ आला. मग उजवा झाकून डावा पाहिला, तो खरोखरच ६/९ होता. एका डोळ्याने इतके कमी दिसत असताना तिला स्वतःला त्याची नीट जाणीव नव्हती, कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळे काम निभावून नेतो.

डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. दरम्यान मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा ॲपचा निकाल नेमके काय सांगतो? आणि घरी चाचणी करताना आणखी कोणत्या चुका होतात? एक गोष्ट विसरले. आई गेले काही दिवस माजघराच्या दाराची चौकट मध्येच वाकल्यासारखी दिसते असे म्हणत होती. घर जुने आहे, वाळवीने लाकूड खाल्ले असेल, असे आम्ही सगळे तिला सांगत होतो.

दृष्टिसेवक

शेवंतीताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि बारा वर्षे नेत्रतपासणीचेच काम करतो. तुमचे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, त्यामुळे उत्तराची सुरुवात तेथूनच करतो.

सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसणे हे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाशी, म्हणजे आपण ज्या जागेने वाचतो त्या जागेशी संबंधित असू शकते. आज संध्याकाळीच एक साधी तपासणी करा. मुलांच्या गणिताच्या वहीतले चौकटीचे पान घ्या, साधारण दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा भाग आखा आणि मध्यभागी एक ठळक ठिपका काढा. आईंना वाचायचा चष्मा घालायला सांगा, कागद एक फूटपट्टी अंतरावर धरा, एक डोळा पूर्ण झाका आणि दुसऱ्याने केवळ ठिपक्याकडे पाहायला सांगा. ठिपक्यावरची नजर न हलवता आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात का, कोठे लाटेसारख्या होतात का, एखादी चौकट गायब किंवा काळपट दिसते का, हे विचारा. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्सलर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जाळी आहे. काही ॲपमध्येही ती असते, पण फोनची रुंदी सात सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे पूर्ण जाळी त्यात मावत नाही. येथे वहीचा कागद अधिक चांगला. रेघा वाकड्या दिसल्या तर तीन आठवडे थांबू नका. रुग्णालयात फोन करून हे लक्षण सांगा आणि याच आठवड्यात वेळ मागा.

आता तुमच्या प्रश्नांकडे येतो. दृष्टीच्या तक्त्यामागे एक साधी भूमिती आहे. हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट येथे हा तक्ता तयार केला. ६/६ च्या ओळीतले अक्षर सहा मीटरवरून डोळ्याशी पाच कला, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करते. सहा मीटरवर त्या अक्षराची उंची सुमारे ८.७ मिलिमीटर भरते, तीन मीटरवर ती ४.४ मिलिमीटर असावी लागते आणि दोन मीटरवर २.९ मिलिमीटर. ६/३६ म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर छत्तीस मीटरवरून ओळखता येते, ते या डोळ्याला सहा मीटरवर यावे लागते तेव्हा ओळखता येते. ॲपला तुमचे अंतर दिसत नाही, ते तुम्ही सांगितलेल्या अंतरावर विश्वास ठेवून अक्षराचा आकार ठरवते. तीन मीटर सांगून फोन प्रत्यक्षात दीड मीटरवर धरला, तर ६/१२ दिसणारा डोळा ६/६ ठरतो. तुमच्या पहिल्या चाचणीत भाच्याच्या हातून असेच काहीसे झाले असावे. मी लोकांना तीन मीटर सुतळीला दोन टोकांना गाठी मारून ठेवायला सांगतो. एक गाठ तपासणाऱ्याच्या हातात फोनपाशी आणि दुसरी पाहणाऱ्याच्या कानाच्या वरच्या टोकाशी धरली की अंतर चुकत नाही.

दुसरी गोष्ट पडद्याच्या मापाची. चांगली ॲप सुरुवातीला बँकेचे कार्ड पडद्यावर ठेवून चौकट त्याच्या मापाची करायला सांगतात. जगभर ही कार्डे ८५.६ मिलिमीटर रुंद आणि ५४ मिलिमीटरला किंचित कमी उंच असतात, त्यामुळे त्यावरून ॲपला अक्षराचा खरा आकार कळतो. ही पायरी कंटाळून गाळू नका.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जवळची चाचणी चाळीस सेंटिमीटरवर करतात. तेथे ६/६ चे अक्षर जेमतेम ०.५८ मिलिमीटर उंच असते आणि त्याच्या रेघेची जाडी ०.१२ मिलिमीटरच्या आत येते. इंचाला चारशे ठिपके असलेल्या उत्तम पडद्यावरही ही रेघ दोन ठिपक्यांत कशीबशी बसते, स्वस्त फोनवर ती एकाच ठिपक्याची होते आणि अक्षराचा आकार फोनच बिघडवतो. तीन मीटरच्या चाचणीत त्याच रेघेला चौदाच्या आसपास ठिपके मिळतात. म्हणून लांबची चाचणी फोनवर बऱ्यापैकी विश्वासार्ह असते आणि जवळच्या चाचणीसाठी छापील कार्ड बरे.

उजेडाचेही पाहा. पडद्याचा प्रकाश आपोआप कमीजास्त होण्याची सोय बंद करा, प्रकाश पूर्ण वाढवा, रात्रीचा पिवळसर रंग बंद करा, काच पुसा आणि खिडकीचे प्रतिबिंब पडद्यावर पडणार नाही असे बसा.

शेवंती

फार उपकार झाले. काल रात्री भाच्याची गणिताची वही घेऊन आईला बसवले. डाव्या डोळ्याने सगळ्या रेघा सरळ. उजव्या डोळ्याने ठिपक्याच्या उजवीकडच्या तीन-चार रेघा आत ओढल्यासारख्या दिसतात आणि एक चौकट जवळजवळ दिसतच नाही, असे ती म्हणाली. मग तिने स्वतःच पान हातात घेऊन पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे ती चौकट दाराची नव्हतीच." आज सकाळी रुग्णालयाला फोन करून हे लक्षण सांगितले, तेव्हा त्यांनी परवाची वेळ दिली. पुढचे कळवेनच.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि मुलांच्या बाजूने लिहीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आमच्या शाळेत येते आणि मुलांची नजरही पाहते. परंतु दोन भेटींच्या मधल्या काळात फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणारे मूल खरोखर गोंधळलेले आहे की त्याला दिसतच नाही, हे शिक्षकाला ठरवावे लागते. त्यासाठी मी दोन वर्षांपासून फोनवरचे ॲप वापरतो.

भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा ॲपचा एक फायदा मला ठळक जाणवला. रांगेत उभी असलेली मुले पुढच्याची उत्तरे ऐकतात आणि तक्त्याच्या खालच्या ओळी पाठ करून टाकतात. ॲपमध्ये ई कोणत्या बाजूला येईल हे दर वेळी बदलते, त्यामुळे पाठांतर चालत नाही. अक्षरओळख नसलेल्या पहिलीच्या मुलालाही तोंड कोणत्या बाजूला आहे ते बोटाने दाखवता येते. केनियातल्या नाकुरू भागात नेत्रतज्ज्ञ अँड्र्यू बॅस्टॉरस यांच्या चमूने पीक अॅक्युइटी नावाचे ॲप याच तत्त्वावर तयार केले आणि त्याचे निकाल दवाखान्यातल्या तक्त्याशी जुळतात हे २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली मला आवडलेली बाब अशी की पाहणारा केवळ बोट दाखवतो आणि पडद्यावर त्या दिशेने बोट फिरवण्याचे काम तपासणारा करतो, तेही शक्यतो पडद्याकडे न बघता. त्यामुळे तपासणाऱ्याकडून नकळत मदत होत नाही.

मात्र मागच्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीच्या बाबतीत मी चुकणार होतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने सगळे बरोबर सांगितले. डावा डोळा झाकला तेव्हाही बरोबर. उजवा झाकल्याबरोबर ती मान वाकडी करून रुमालाच्या कडेने पाहू लागली, मग रडायला लागली आणि मला घरी जायचे आहे म्हणाली. मी ते हट्टाचे रडणे समजलो असतो, पण आमच्या आरोग्यसेविका तेथे होत्या आणि त्यांनी सांगितले की चांगला डोळा झाकल्यावर मूल असेच अस्वस्थ होते. पुढे तपासणीत तिच्या डाव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला. तो डोळा आळशी झाला होता. आता चष्मा आहे आणि दिवसाचे काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. लहान वयात पट्टीचा उपयोग जितका होतो तितका पुढे होत नाही असे डॉक्टरांनी सांगितले. सहावी-सातवीत आल्यावर हे कळले असते तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही. शाळेत फोनवर नजर तपासणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक डोळा वेगळा पाहा आणि मूल कोणता डोळा झाकू देत नाही याकडे निकालापेक्षा जास्त लक्ष द्या.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत राहतो. येथे दृष्टी दशांशात लिहितात, म्हणजे ६/६ ला १.० आणि ६/१२ ला ०.५, त्यामुळे भारतातले कागद आणि येथले कागद जुळवताना आईवडिलांचा गोंधळ उडतो. अमेरिकेतले २०/२० आणि आपले ६/६ एकच, फक्त तेथे अंतर फुटांत मोजतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. मला नेत्रतज्ज्ञांची वेळ मिळायला बराच काळ लागतो. माझ्या फोनवरचे ॲप मला ६/१२ दाखवते. त्यावरून चष्म्याचा नंबर काढून ऑनलाइन चष्मा मागवता येईल का? काही संकेतस्थळे तसे कोष्टकही देतात.

दृष्टिसेवक

कृपया तसे करू नका. दृष्टी आणि नंबर ही दोन वेगळी मापे आहेत. ६/६० दृष्टी उणे तीनच्या नंबरमुळे येऊ शकते, मोतीबिंदूमुळे येऊ शकते आणि पडद्याच्या विकारामुळेही येऊ शकते. ॲपला केवळ शेवटचा परिणाम कळतो. शिवाय तिरक्या नंबरात, म्हणजे ज्याला आपण सिलिंड्रिकल म्हणतो त्यात, काच कोणत्या कोनात बसवायची हेही लागते आणि ते अक्षरे वाचून कळत नाही.

अंतराचाही एक परिणाम आहे. उणे अर्ध्या नंबरच्या माणसाला दोन मीटरपर्यंत चष्म्याविना स्वच्छ दिसते, त्यामुळे दोन मीटरवर चाचणी घेणारे ॲप त्याला निर्दोष ठरवते आणि तोच माणूस रात्री गाडी चालवताना पाट्या वाचू शकत नाही. उणे पावणेदोनची मुलगी चाळीस सेंटिमीटरवरची सगळी अक्षरे वाचते आणि पालक समाधानी होतात, वर्गातला फळा मात्र तिला धूसर असतो. उलट चाळिशी लागलेल्या माणसाला लांबचे ६/६ दिसते आणि औषधाच्या बाटलीवरचे वाचता येत नाही. लहान मुले तर डोळ्याच्या आतल्या भिंगावर इतका ताण देऊ शकतात की त्यांचा अधिक (प्लस) नंबर थेंब घालून तो ताण सैल केल्याशिवाय दिसतच नाही.

फोनने नंबर काढण्याचे गंभीर प्रयत्न झाले आहेत आणि त्यातला एक आपल्या माणसाशी जोडलेला आहे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांच्या अमेरिकेतल्या एमआयटीतील गटाने २०१० मध्ये नेत्रा नावाचे उपकरण मांडले. फोनच्या पडद्यावर एक छोटा भिंगांचा तुकडा बसवायचा, त्यातून एका डोळ्याने पाहायचे आणि बटणे दाबून लाल व हिरवी रेघ एकमेकींवर आणायची. त्या जुळण्यासाठी रेघा किती सरकवाव्या लागल्या, यावरून नंबर काढतात. यात तो जोडलेला तुकडा अत्यावश्यक आहे, कारण डोळ्यातली प्रकाशकिरणांची वाट त्यानेच मोजली जाते. नुसत्या पडद्यावर अक्षरे दाखवणाऱ्या ॲपकडे ती सोय नाही.

तुम्हाला घरच्या घरी एक गोष्ट मात्र पाहता येईल. जाड काळ्या कागदाला सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडा आणि एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या छिद्रातून ॲपची चाचणी पुन्हा द्या. ६/१२ चे ६/६ झाले, तर नंबर बदललेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि तुमच्याकडच्या चष्म्याच्या दुकानातली तपासणी बहुधा पुरेल. सुधारणा झाली नाही, तर नेत्रतज्ज्ञांची वेळ मागताना ही गोष्ट आवर्जून सांगा.

सातपुडा

मी सोळा वर्षे मधुमेही आहे. फोनवर ॲप आहे, दर महिन्याला चाचणी करतो आणि दोन्ही डोळे ६/६ येत असत. त्या भरवशावर दोन वर्षे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. नंतर बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासला, तेव्हा दोन्ही डोळ्यांत मधुमेहाने रक्तवाहिन्या खराब झाल्याचे निघाले आणि लेझर करावे लागले. वाचनाच्या जागेपर्यंत नुकसान पोहोचले नव्हते म्हणून अक्षरे स्वच्छ दिसत होती, इतकेच. डॉक्टरांनी सांगितले की काचबिंदूचेही असेच असते. आजूबाजूची नजर आक्रसत जाते आणि समोरचा तक्ता शेवटपर्यंत वाचता येतो.

२०१९ मध्ये मुंबईतल्या महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये मधुमेहींच्या पडद्याची छायाचित्रे फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेऊन, इंटरनेटविना फोनमधल्याच संगणकप्रणालीने तपासण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ते वाचून मला माझे ॲप तसलेच वाटले होते. तेथे पडद्याचे चित्र घेतात आणि माझे ॲप मला केवळ अक्षरे वाचायला लावत होते, हा फरक मी लक्षात घेतला नाही. येथल्या मधुमेही सभासदांनी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. ॲप काहीही सांगो.

दृष्टिसेवक

सातपुडा यांनी लिहिले ते अत्यंत महत्त्वाचे आहे. त्याला जोडून सांगतो की डोळ्यासमोर अचानक विजेसारखे चमकणे, एकदम पुष्कळ काळे ठिपके दिसू लागणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे होणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा डोळा लाल होऊन तीव्र वेदना व उलट्या होणे, यांपैकी काहीही झाले तर ॲप उघडण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पोहोचा.

शेवंती

आईची तपासणी झाली. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी वयोमानाने होणारा विकार आहे आणि त्याचा पाणी झिरपणारा प्रकार निघाला. ओसीटी नावाच्या, पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत सूज स्पष्ट दिसली. डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल हे ऐकून आई घाबरली होती, पण डोळा बधिर करून दिल्यामुळे मुंगी चावल्याएवढेही दुखले नाही असे ती आता शेजारच्या काकूंना सांगते. सुरुवातीला दर महिन्याला एक, अशी तीन इंजेक्शने आहेत. पहिले झाले. जो भाग आधीच खराब झाला तो परत येणार नाही, पण उरलेली नजर टिकवण्याचा प्रयत्न करू, असे डॉक्टरांनी सांगितले. तीन आठवडे थांबला नाहीत हे बरे झाले, असेही ते म्हणाले. दृष्टिसेवक, हे वाक्य खरे तर तुमच्यासाठी आहे.

दुसऱ्या डोळ्यालाही हा विकार होऊ शकतो, म्हणून डाव्या डोळ्यावर रोज लक्ष ठेवायला सांगितले आहे. भाच्याने चौकटीचे नवीन पान पुठ्ठ्यावर चिकटवून स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ टांगले आहे आणि त्याला एक फुटाची दोरी बांधली आहे. आई सकाळी चहाचे आधण ठेवते, वाचायचा चष्मा लावते, दोरीचे टोक गालाशी धरून उजवा डोळा झाकते आणि पाहून झाले की मला "रेघा सरळ" एवढाच संदेश पाठवते. आजचा सात वाजून दहा मिनिटांनी आला.